हिरव्यातला हिरवा दोरा

या, जरा पुढे सरकून बसा. लांब बसलात तर शब्द पोचतील, पण माणसं पोचायची नाहीत, आणि आजची गोष्ट सगळी माणसांचीच आहे. एक सासरे, एक सून आणि दोघांच्या मध्ये एक दोरा. दोरा केवढा, तर वीतभर. पण तो कुणी बांधला आणि कुणाच्या नावावर गेला, हे ऐकलंत की घरी जाताना आपापल्या हातांकडे एकदा तरी बघाल. मला गाता येत नाही, नाहीतर मधेमधे गायलेही असते. साधीच सांगते, सांभाळून घ्या.

सासरे धंद्याने शिंपी. दुकान बंद करून बराच काळ लोटला होता, तरी गल्लीच्या तोंडी त्यांचं नाव ‘मास्तर’च राहिलं. सून त्यांना बाबा म्हणायची. मास्तरांची बायको देवाघरी गेलेली, मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलगा सकाळी कामावर जायचा तो दिवेलागणीला परतायचा. म्हणजे दिवसभर घरात ही दोघंच. पुढच्या खोलीत सुनेचा छोटा फोटो स्टुडिओ होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हनुवटी खाली, कान दिसू द्या’ म्हणत ती ओळखपत्रांचे फोटो काढायची. ते पोटापाण्याचं. जीव मात्र तिचा दुसरीकडे होता. जुना कॅमेरा, त्यात काळ्या-पांढऱ्या फोटोंचा रोल, आणि समोर पान, साल, कोळ्याचं जाळं, नाहीतर एखादं पाखरू.

लोक विचारायचे, अगं, देवाने एवढे रंग दिलेत, तू ते पुसून का टाकतेस? ती म्हणायची, रंग असला की माणूस रंगच बघतो आणि बघून झालं असं समजतो. रंग काढून घेतला की पानाच्या शिरा दिसतात, गोगलगाय कुठून गेली ते दिसतं, पिसाच्या कडेला किती बारीक केस असतात ते दिसतं. मास्तरांना हे पटायचं, पण त्यांच्या पद्धतीने. ते म्हणायचे, “म्हणजे तुझं काम कपडा उलटा करून बघण्याचं. शिवण कशी आहे ते अस्तराच्या बाजूनेच कळतं.” आणि स्वतःच खूश होऊन चहा मागायचे.

मास्तरांची जुनी कापड बेतायची खोली त्यांनी सुनेला दिली होती, फोटो धुवायला. खिडकीला दुहेरी काळा पडदा शिवला, वाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत जाड वॉशर घातले. प्रकाशाची तिरीपही आत येत नसे. आणि सून आत लाल दिव्याखाली काम करत असली की मास्तर दाराबाहेर स्टूल टाकून बसत, मांडीवर काजं-बटणं करायचं काहीतरी घेऊन. कुणी दाराशी आलं की कापड मोजायचा लाकडी गज आडवा. एकदा त्यांचा स्वतःचा मुलगा कपाटाची किल्ली शोधत घाईने आत शिरत होता, त्याच्या पोटावर गज टेकवून म्हणाले, साहेब, आत बाळंतपण चाललंय. सुनेला आत हसू आवरेना, आणि हात हलून एक प्रिंट वाया गेला. तेव्हाही दोघं हसलीच.

तर अशी ती दोघं. आता पुढचं ऐका.

गेल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या कुंपणात बुलबुलाने घरटं बांधलं. वाटीएवढं, झुडपाच्या अगदी आत. पिल्लं झाली. सुनेला खिडकीतून फोटो काढायचा होता, पण फांद्या आड येत. फांदी तोडायची तर पिल्लं उघडी पडणार, आणि ती काही तोडणाऱ्यातली नव्हती. तिने मास्तरांच्या डब्यातून हिरव्या दोऱ्याचं रीळ घेतलं. रोज सकाळी दोन फांद्या हळूच बाजूला ओढून दोऱ्याने कुंपणाच्या तारेला बांधायच्या, फोटो काढायचे, आणि लगेच दोरे सोडायचे, की फांद्या परत सावली धरून उभ्या. दोरा हिरवा घेतला तो पाखराला दिसू नये म्हणून. गाठही मास्तरांनीच शिकवलेली होती, कोटाच्या बटणाची. कितीही ओढा, सैल पडायची नाही. ती गाठ त्या घरात दोघांनाच येत असे.

मास्तर दर रविवारी मोठ्या कात्रीने कुंपण छाटत. सुनेने सांगून ठेवलं होतं, बाबा, खिडकीखालचा तेवढा कोपरा सोडा. ते सोडत होते. उलट तिथून जाताना पावलं हळू टाकत, जसं काही पिल्लांचं माप घ्यायचं होतं आणि ती झोपली होती.

एका रविवारी मास्तर कुंपणाची पलीकडची बाजू छाटत होते आणि सून खिडकीत कॅमेरा लावून होती. त्या दिवशी तिला तिचा सगळ्यात चांगला फोटो मिळाला. आई काठावर बसलेली, चोचीत किडा, आणि तीन उघडी तोंडं. फोटो मिळाला न मिळाला तोच स्टुडिओची घंटा वाजली. कुणाला तरी फोटो ताबडतोब हवा होता. सून धावत बाहेर गेली, दोरे सोडले, आणि गिऱ्हाईकाकडे वळली.

दुपारी खिडकीशी आली तर घरटं रिकामं. उन्हात उघडं पडलेलं, आजूबाजूला पिसं, आणि भिंतीवर कावळा. घरट्यासमोरची हिरवळ जिथे असायची तिथे भगदाड. खाली, कुंपणाच्या बुडाशी, मास्तरांनी छाटलेल्या फांद्यांचा ढीग. सून बाहेर आली, रागाच्या भरात तिने त्या भगदाडाचा एक फोटो काढला. पुरावा म्हणून काढला, दुसरं काही नाही. मग मास्तरांकडे वळली.

“बाबा, एवढा एक कोपरा सोडा म्हटलं होतं मी तुम्हाला.”

मास्तर म्हणाले, मी तिकडे गेलोच नाही गं. तिने फक्त त्या ढिगाकडे बघितलं. बघणंच पुरे झालं. संध्याकाळी मुलगा आला, त्याने ऐकलं आणि म्हणाला, बाबा, गेल्या आठवड्यात नळही चालू ठेवला होता तुम्ही, आठवतंय ना? म्हणाला ते प्रेमानेच. पण प्रेमाने म्हटलेलं नाकारायला जास्त अवघड जातं, नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतःच म्हणाले, “कापली असेन मीच. हात सवयीने चालतो. हल्ली माझं मलाच खरं वाटत नाही.”

असं म्हणून त्यांनी कात्री जुन्या चादरीत गुंडाळली आणि कपाटावर टाकली. कुंपण वाढत गेलं. त्याला कुणी हात लावला नाही.

आणि मग घर त्यांच्यावर नजर ठेवायला लागलं. वाईट कुणीच नव्हतं, बरं का. गॅस बंद केलात ना, असं मुलगा विचारायचा आणि उत्तर मिळाल्यावरही उठून बघायचा. मुलीने, म्हणजे नणंदेने, बाहेरच्या दाराची किल्ली काढून घेतली, म्हणाली, हरवाल. शिलाई मशीनचा पट्टा काढून ठेवला, म्हणाली, बोट जाईल. प्रत्येक वेळी बोलण्याची सुरुवात तिथूनच व्हायची. ‘त्या बुलबुलाचं झालं तेव्हापासून...’ शेवटी नणंदेने ठरवलं की बाबांनी आता तिच्याकडे राहायचं. उंच इमारतीतल्या घरात, जिथे कुणीतरी सतत सोबत असेल. मशीन कुणाला तरी देऊन टाकायचं. रविवारी मोटार घेऊन येते म्हणाली. मास्तरांना तिथे जायचं नव्हतं. त्यांची गल्ली इथे, मशीन इथे, बायकोच्या आठवणी इथल्या भिंतींना. पण ज्याला स्वतःचीच खात्री उरली नाही तो नाही कसा म्हणणार? ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

नेमक्या त्याच आठवड्यात सुनेला निरोप आला, ग्रंथालयाच्या सभागृहात छायाचित्रांचं प्रदर्शन आहे, तुमचा तो बुलबुल लावायचाय, पण मोठा हवा. तोवर तिने तो फोटो लहानच केला होता, पोस्टकार्डाएवढा. पुढच्या दुपारी ती आत गेली. मास्तर बाहेर स्टुलावर बसले, गज मांडीवर. आता दाराशी यायला कुणी नव्हतं, तरी बसले.

मोठा कागद ट्रेमध्ये हलवत ती उभी होती. लाल उजेडात पांढऱ्या कागदावर आधी सावल्या उगवल्या, मग आईची पिसं, मग तीन तोंडं. आणि खाली, घरट्याच्या बुडाशी, एक काळी रेघ. तिला वाटलं ओरखडा असेल. कागद धुतला, दिवा लावला, भिंग घेतलं. रेघ नव्हती. दोरा होता. फांदीभोवती गुंडाळलेला, तारेला बांधलेला, आणि तारेपाशी कोटाच्या बटणाची गाठ.

तिने लेन्सला नेहमीसारखी पिवळी काच लावली होती. पिवळी काच निळा रंग अडवते आणि पानं उजळ करते. पानाचा हिरवा आणि रंगवलेल्या दोऱ्याचा हिरवा डोळ्याला जुळे भाऊ वाटतात. पण दोऱ्याच्या हिरव्यात निळा मुरलेला असतो. रंग निघून गेले तेव्हा पानं फिकी झाली आणि दोरा काळाकुट्ट उभा राहिला. डोळ्यांनी जो कधी दिसला नसता तो.

पण ती तर दोनच दोरे बांधायची. वरचा आणि बाजूचा. हा खालचा कुठला?

क्षणभर तिच्या मनात जे आलं ते सांगायला मलाही जड जातंय. तिच्या मनात आलं, ही गाठ बाबांनाही येते. देव अंतर्यामी बसलेला असतो, तो लगेच बोलत नाही, आधी माणसाला आपलंच बोलणं ऐकू देतो. तिने ते ऐकलं आणि तिचे कान तापले. कारण तिला आठवलं. त्या सकाळी वारा होता. खालच्या फांदीचं एक पान सारखं पिल्लाच्या तोंडावर येत होतं. ती पटकन बाहेर गेली होती, ती फांदीही खाली ओढून बांधली होती, आणि आत येईतो आई आली होती. मग फोटो. मग घंटा. मग घाईघाईत वरचा दोरा, बाजूचा दोरा. तिसरा तिने बघितला असता तर सोडला असता, पण हिरव्यात हिरवा तो दिसतो कशाला?

बाहेरून मास्तरांनी विचारलं, “कसा आलाय गं?”

ती म्हणाली, “चांगला आलाय.”

“पिल्लं दिसतात?”

“दिसतात.”

ते ‘बरं’ म्हणाले आणि आपल्या काजाच्या टाक्याला लागले. दारामागे सून तशीच उभी.

मग तिने त्या दुपारचा दुसरा रोल काढला. भगदाडाचा फोटो तिने कधी मोठा केलाच नव्हता, बघवत नव्हता म्हणून. आता केला. आणि बघितलं तर फांदी कापलेली नव्हतीच. फांदी तिथेच होती, सगळ्या पानांसकट, खाली वाकलेली, गळ्याशी दोरा. भगदाड पडलं होतं ते तिच्या ओढण्याने. उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या अगदी कडेला, आणखी काहीतरी होतं. दोन हात. बोटं फाकून कुंपणाच्या बुडातला पाला बाजूला करणारे, नखांत माती गेलेले, जुने हात. त्या वेळी तिने ते बघितलेच नव्हते. ती पुरावा गोळा करत असताना बाबा गुडघ्यांवर बसून पिल्लं शोधत होते, एखादं तरी खाली जिवंत पडलं असेल म्हणून. आणि त्यानंतर ती त्यांच्याकडे वळून जे बोलली ते बोलली.

आता तुम्ही म्हणाल, मग तिने दार उघडून लगेच सांगितलं असेल. नाही सांगितलं. लाज ही अशी चीज आहे की ती आधी तोंड बांधते. तिने भगदाडाचा प्रिंट कागदांच्या खाली घातला. बुलबुलाचा मोठा प्रिंट वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उजेडाला बसून नव्या पात्याने तो दोरा खरवडायला घेतला. हे कामही कौशल्याचं असतं. कागदाचा पापुद्रा जाता कामा नये, वरचा काळा थरच तेवढा श्वास रोखून उडवायचा, मग केसाएवढ्या ब्रशने करडा रंग भरायचा. प्रदर्शनाच्या फोटोवरचे डाग काढतातच, असं ती स्वतःला सांगत होती. दोऱ्याच्या जागी तिने एक पान पुरं केलं. त्याला शीर काढली. इतकं सुंदर काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. नवऱ्याने प्रिंट उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, वा, कुठे डाग म्हणून नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

सकाळी ती कुंपणाशी गेली. झुडूप माणसाएवढं माजलं होतं. आत हात घालून चाचपलं तर तार लागली, तारेवर दोरा. फांदी वाढत गेली होती आणि दोरा तिच्या सालीत रुतला होता, वर सालीचे ओठ जुळत आले होते. अजून थोड्या दिवसांनी तो आतच गेला असता. मग कुणालाच काही कळलं नसतं. तिने हात बाहेर काढला, ओरखडे आले होते, आणि काही न करता ती आत आली.

शनिवारी मास्तर सामान बांधत होते. सामान तरी काय, कपडे, चष्मा, टेप, बायकोचा फोटो. सून घड्या घालून देत होती. मधेच ते थांबले आणि म्हणाले,

“तो बुलबुलाचा एक छोटा दे मला. तिकडे भिंतीला लावीन.”

“आवडला तुम्हाला?”

“आवडायचं काय. समोर असला म्हणजे लक्षात राहील, काय केलं ते. पुन्हा कशाला हात लावायला जायचो नाही.”

ती देते म्हणाली. खोलीत गेली, दार लावलं, छोटा कागद घेतला. छोट्या प्रिंटमध्ये दोरा दिसत नाही, केसाहून बारीक होऊन जातो. म्हणजे तिला खोटंही करावं लागणार नव्हतं. खरा फोटोच द्यायचा होता. बाबा तो रोज बघणार होते आणि रोज स्वतःला दोष देणार होते, त्या दोऱ्यासमोर बसून. तिने लाल दिवा लावला आणि त्या उजेडात आपले हात बघितले. देवा, म्हणाली, एवढं लहान नको करूस मला. कागद परत डब्यात ठेवला.

रविवारी नणंद आली. मशीन उचलायला दोन हमाल बरोबर. मोटार दाराशी. मास्तर घडीचे कपडे घालून खुर्चीवर बसले होते, पिशवी पायाशी, शाळेत पहिल्या दिवशी पोर बसतं तसे. नणंद औषधांच्या वेळा सांगत होती, मुलगा दोऱ्या शोधत होता, हमाल मशीनला हात घालत होते. सून आतून दोन मोठे प्रिंट घेऊन आली. एक भगदाडाचा, एक बुलबुलाचा, पण खरवडलेला नव्हे. आदल्या रात्री जेवणाआधी तिने नवीन केला होता, दोऱ्यासकट. मशीनच्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. हमाल मागे सरले.

“ती फांदी बाबांनी कापली नव्हती,” ती म्हणाली. “मी बांधली होती. सोडायची विसरले. मला मंगळवारपासून माहीत आहे.”

तिला वाटलं होतं, पहिलं वाक्य अवघड जाईल. पण अवघड गेलं ते शेवटचं. नणंदेने प्रिंट बघितले, भिंग घेतलं, पुन्हा बघितले, आणि मग सुनेकडे असं बघितलं की त्यापेक्षा ती ओरडली असती तर सुनेला बरं वाटलं असतं. म्हणाली, मंगळवारपासून? आणि काल फोनवर मी मशीनचं विचारलं तेव्हा तू ठीक आहे म्हणालीस? नवरा मध्ये पडला, जाऊ दे ना, चुकून झालं, आणि तसाही तो नळ तर बाबांनीच...

तेव्हा मास्तर बोलले.

“नळ मीच सोडला होता. तो माझा. पण हे माझं नव्हतं.”

उठून ते मशीनपाशी आले. चष्मा लावला, फळीवर वाकले, जसे कापडातला धागा बघायला वाकत. बोट कोपऱ्यावर ठेवलं.

“हे हात कुणाचे?”

“तुमचे,” सून म्हणाली. “पिल्लं शोधत होतात.”

ते बराच वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिले, आधी कागदावरच्या, मग खऱ्या. “आठवत होतं मला हे,” म्हणाले. “तेव्हा आठवत होतं. तुम्ही सगळे सांगत गेलात आणि मग आठवेनासं झालं.”

नणंद डोळे पुसायला लागली, मुलगा जमिनीकडे बघत राहिला. हमालांपैकी वडीलधारा होता त्याने हळूच विचारलं, मास्तर, मशीन घ्यायचं का? मास्तर म्हणाले, नाही, राहू दे, चहा घेऊन जा. मग मुलीला म्हणाले, मी येईन की चार दिवस राहायला, पण पाहुणा म्हणून. आणि हात पुढे केला. तिने पर्समधून किल्ली काढून त्यावर ठेवली, मशीनचा पट्टा कपाटातून काढून दिला. तिचाही चेहरा उतरला होता. आपण सगळ्यांनी मिळून केलं ते, हे तिला सुनेच्या आधी कळलं होतं की नंतर, देव जाणे.

मास्तरांनी कपाटावरची कात्री मागितली. चादर सोडली, पात्याला गंज होता तो बोटाने चाचपला, आणि कुंपणाकडे निघाले. सून मागे. फांद्या बाजूला सारून ते आत वाकले, तिने दाखवायच्या आधीच त्यांना तार सापडली. कात्री तिथे चालेना, दोरा खोल होता. कोटाच्या कॉलरमागे टोचलेली सुई काढली आणि सालीच्या ओठांतून तो दोरा एकेक वेढा करून उचकटून काढला. बाहेर आला तेव्हा हिरवा उरला नव्हता, मातकट झाला होता. गाठ मात्र तशीच.

“इतकी पक्की गाठ कुणी शिकवली तुला?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच. बटणाची.”

ते हसले नाहीत. हसतील असं तिला वाटलं होतं, आणि आपल्याला तसं वाटावं याचीच तिला लाज वाटली. दोरा तिच्या तळहातावर ठेवून ते कुंपण छाटायला लागले. फांदी सुटली होती पण सरळ झाली नाही. ज्या बाजूला ओढली होती तशीच वाकलेली राहिली. ती त्यांनी छाटली नाही.

प्रदर्शनात तिने दोन्ही फोटो लावले, शेजारी शेजारी. लोक यायचे, पहिल्यासमोर वाहवा म्हणायचे, दुसऱ्यासमोर गप्प व्हायचे, मग विचारायचे, ही काळी रेघ कसली? ती प्रत्येकाला सांगायची. एक बाई म्हणाल्या, एवढं उघडं कशाला बोलायचं, घरातली गोष्ट आहे. ती म्हणाली, दोषही सगळ्यांसमोरच दिला होता. पण तिला मोठेपणा वाटला नाही, तसं कुणी म्हटलं तर ती तिथून बाजूला व्हायची. मास्तर एकदा येऊन गेले. त्यांनी दुसऱ्या फोटोसमोर उभं राहून कोपऱ्यातल्या हातांकडे बघितलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, हे माझे. खरवडलेला तो सुंदर प्रिंट तिने फाडला नाही. काळ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. आत गेली की त्याची पाठ दिसते.

सगळं पूर्ववत झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल, आणि खोटं सांगून तुम्हाला उठवायचं मला पटत नाही. मशीन परत चालायला लागलं, कुंपण सरळ झालं, गॅस बंद केलात का, असं कुणी विचारेनासं झालं. मास्तर मधूनमधून विसरायचेही, आणि विसरलो म्हणायचे, स्वच्छ. पण काळ्या खोलीच्या दाराशी ते बसेनासे झाले. रागावून नाही, समोरून गेले तर विचारपूस करत, चहा मागत. फक्त स्टूल भिंतीशी उलटं पडून राहिलं. सुनेने दाराला आतून कडी बसवून घेतली. कडी लावताना दरवेळी तिचा हात थांबायचा.

पावसाळा उलटून गेल्यावर एका दुपारी ती आत कागद धूत होती आणि बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग खाकरणं. मग मास्तर म्हणाले,

“आत आहेस ना? कडी लावू नकोस. मी बसलोय.”

तिने ओल्या हातानेच कडी काढली. ट्रेमधल्या कागदावर एक पान उगवत होतं, तिने कागद वेळेत उचलला नाही, तसाच काळा होऊ दिला.

एवढीच गोष्ट. आता उठा, पण एक मागणं आहे तेवढं पदरात घ्या. कधी कुणाच्या दारात उलटं पडलेलं रिकामं स्टूल दिसलं, तर त्या मास्तरांची आठवण काढा. आणि त्यांच्या हातांची, जे कोपऱ्यात पिल्लं शोधत होते आणि कुणीच तिकडे बघत नव्हतं.